मासा आपला, जाळं आपलं, मग लेख दुसऱ्याचा काहून?



मागच्या मासिक सभेत विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय निघाला, आणि मत्स्यबीजाच्या हिशोबापेक्षा जास्त वेळ त्याच्यावरच गेला. आपल्या एका तरुण सभासदानं मोबाईल पुढे केला. रानावनात फिरणाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकानं वाचकांकडून मासेमारीचे आणि शिकारीचे लेख आणि फोटो मागवले होते. पोरगा म्हणाला, "सचिवसाहेब, आपल्यापाशी फोटो तं शंभर आहेत. पाठवून देऊ का?" कोणी म्हणालं पाठव, कोणी म्हणालं कायले फुकटची झंझट, एकजण म्हणाला शिकारीचाही एक फोटो आहे आपल्यापाशी. त्यावर सगळे हसले. आम्ही हसलो नाही. यावर विचार करून पेजवर लिहू, असं सांगून आम्ही सभा संपवली. तेच आज लिहीत आहोत.

थोडक्यात आमचं मत असं: मासेमारीचा लेख आणि फोटो जरूर पाठवा. शिकारीचा एकही पाठवू नका. आणि मासेमारीचा पाठवाल तो नुसता फोटो पाठवू नका, सोबत आपलं लिखाण पाठवा, नावानिशी. असं काहून म्हणतो ते खाली सांगतो. लांब आहे, पण वाचा.

आधी दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. कॅमेरा घेऊन एक पाहुणे आपल्या तलावावर आले होते. पहाटे धुक्यात आपले एक जुने सभासद काका डोंग्यावर उभे राहून फेकजाळ टाकत होते. दातात जाळ्याची कड, डाव्या कोपरावर घडी, आणि कंबर वळवून टाकलेलं जाळं पाण्यावर ताटासारखं गोल उघडलेलं. पाहुण्यांनी फोटो काढले, चहा घेतला, दोन तास गोष्टी विचारल्या आणि गेले. चार-पाच महिन्यांनी तो फोटो एका मासिकात पूर्ण पानावर छापून आला. फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, गावाचं नाव चुकीचं होतं आणि काकांच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'एक स्थानिक मच्छीमार'. टोपलीतले मासे मृगळ होते, त्यांना रोहू म्हटलं होतं. लेखात एक वाक्य असंही होतं की इथल्या लोकांना मासे वाचवण्याची जाण नाही, हाती लागेल ते धरतात.

आम्ही काकांना तो अंक दाखवला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. चष्मा काढून परत पाहिला. आम्ही विचारलं, काका, नाव विचारलं होतं का तुमचं? ते म्हणाले, "इचारलं ना जी. वहीत लिहून बी घेतलं. मंग कुठी सांडलं कोणाले ठावं." आणि अंक परत देताना म्हणाले, "जाळं मस्त उघडलं होतं पन त्या दिवशी."

ज्या माणसानं आपल्या समितीत बोटभर मासा जाळ्यात आला तर तो परत पाण्यात सोडण्याची शिस्त लावली, त्याच्याच फोटोखाली 'जाण नाही' असं छापलं गेलं. त्या पाहुण्यांचं किंवा मासिकाचं नाव आम्ही इथे घेत नाही. भांडायचं नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे: आपण लिहीत नाही, म्हणून दुसरे लिहितात, आणि ते लिहितील तेच जगाला खरं वाटतं.

ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यावर लेख लिहून मासिकात आणि पुस्तकात छापण्याची रीत दीडशे वर्षांच्या वरची आहे. मुंबईत 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन' नावाचं शिकारीचं मासिक 1828 सालीच निघालं होतं. साहेब लोक त्याच्यात डुकराच्या, वाघाच्या शिकारीच्या हकिकती पाठवत. मग 1871 साली कॅप्टन फोरसिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक आलं. 1877 साली रॉबर्ट स्टर्नडेल यांनी आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलावर आणि सातपुड्यातल्या छावणीच्या दिवसांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे 1894 मध्ये किपलिंग यांचं 'जंगल बुक' आलं. त्यातल्या मोगलीची नदी वैनगंगा आहे, हे तर आता शाळेतल्या लेकरालाही माहीत आहे.

या स्टर्नडेल साहेबांचं आणखी एक काम आहे. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. ती स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले मराठी डॉक्टर होते. 1886 मध्ये या सोसायटीचं जर्नल सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या दोन संपादकांपैकी एक हेच स्टर्नडेल. म्हणजे सिवनीच्या रानात हिंडलेला माणूस मुंबईत बसून लोकांना सांगत होता, तुम्ही जे पाहिलं ते लिहून पाठवा. आणि लोकांनी पाठवलं. जंगल खात्याचे साहेब, रेल्वेचे साहेब, चहामळ्यांचे साहेब. कोणी वाघाचं माप पाठवलं, कोणी गळाला लागलेल्या महाशीरचं वजन, कोणी एखाद्या पाखराच्या घरट्याची चार ओळींची नोंद. त्या चार-चार ओळी शंभर वर्षांनंतर आजही शास्त्रज्ञ उघडून वाचतात.

आम्ही त्या साहेबांचा राग करत नाही. त्यांनी लिहिलं म्हणून आज कळतं की कुठल्या नदीत काय होतं. पण विचार करा, त्या साहेबाचा डोंगा कोण वल्हवत होतं? डोह कुठे आहे, मासा कोणत्या महिन्यात चढतो, कोणत्या वेळी चाऱ्यावर येतो, हे त्याला कोणी सांगितलं? कोणी तरी ढीवर, कोणी केवट, कोणी गोंड असणारच. छापताना मात्र तो 'माझा नावाडी' किंवा 'एक गाववाला' होऊन जातो. आपल्या काकांचं दोन वर्षांपूर्वी जे झालं, ते आपल्या पणजोबांचंही झालेलं आहे. फरक एवढाच की पणजोबांपाशी लिहिणं-वाचणं नव्हतं आणि मोबाईल नव्हता. आपल्यापाशी दोन्ही आहे. आता दोष दुसऱ्याला देता येत नाही.

आता शिकारीचं. सभेत ज्या फोटोवर हसणं झालं, त्याबद्दल स्पष्ट बोलतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशात रानटी जनावरांची शिकार बंद झाली आहे. 2022 मध्ये हा कायदा सुधारला गेला आणि 1 एप्रिल 2023 पासून नवीन तरतुदी लागू आहेत. परदेशातली मासिकं शिकारीचे लेख आणि फोटो छापतात, कारण त्यांच्या देशात परवाना घेऊन, ठराविक मोसमात शिकार चालते. आपल्याकडे तसा लेख पाठवणं म्हणजे स्वतःच्या हातानं कबुलीजबाब लिहून देणं आहे.

आणि नुसत्या कायद्याची भीती म्हणूनही आम्ही हे सांगत नाही. आपला बालाघाट जिल्हा कान्हाचा जिल्हा आहे, अर्धा तिकडे मंडल्यात, अर्धा इकडे. तिथला बारासिंगा आज मध्य प्रदेशाचा राज्यपशू आहे. 1970 साली कान्हात ते फक्त 66 उरले होते. शिकार, चराई, रोगराई, अशी अनेक कारणं होती. पण एकेकाळी कळपानं दिसणारं जनावर एवढ्यावर आलं, हे आपल्याच मुलखात घडलं आहे. ज्या काळात शिकारीचे लेख जोरात छापून येत होते, त्याच काळात चॅम्पियन नावाच्या एका जंगल अधिकाऱ्यानं बंदूक बाजूला ठेवून जनावरांच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेऱ्यानं आपोआप फोटो काढायचा. त्याचं पुस्तक 1927 साली निघालं. वाघ मेला नाही, आणि फोटो मात्र राहिला. आपल्या पोट्ट्यांनी असा फोटो पाठवला तर समिती टाळ्या वाजवेल.

मासेमारीवाल्यांना वाटतं की शिकारीचा कायदा आपल्यासाठी नाही. इथेच फसगत होते. मागच्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या जाळ्यात भलंमोठं कासव आलं. त्यानं ते सोडून दिलं, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण सोडण्याआधी दोन्ही हातांनी उचलून फोटो काढला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला. आम्ही रात्री साडेदहाला त्याच्या घरी जाऊन तो काढायला लावला. त्याच्या बायकोला वाटलं कोणी मेलं का काय! कासव, पाणमांजर, मगर, हे सगळे कायद्याच्या संरक्षणात आहेत. फोटोत फक्त 'धरलेलं' दिसतं, 'सोडलेलं' दिसत नाही. जाळ्यात आलं तर शांतपणे सोडा, तारीख आणि जागा समितीच्या वहीत लिहा. हातात उचलून फोटो काढू नका.

दुसरी गोष्ट बंद ऋतूची. 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात नदीत आणि नदी-नाल्याशी जोडलेल्या पाण्यात मासेमारी बंद असते. ज्या लहान तलावाचा नदीशी संबंध नाही त्याला सूट आहे. या दोन महिन्यांत रोहू, कतला, मृगळ वाहत्या पाण्यात अंडी घालतात, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. पण सभेत दाखवलेल्या शंभर फोटोंपैकी सगळ्यात देखणा फोटो, पुरातला, गाभोळीनं पोट फुगलेल्या मोठ्या माशाचा, त्याच्यावर तारीख जुलैची होती. पोरगा म्हणाला, "हा तं दुसऱ्या गावच्या पोट्ट्यांनी काढला, मले पाठवला." असेल. आमचा विश्वास आहे. पण आपल्या समितीच्या नावानं तो छापून आला असता तर? तलावाचा पट्टा दहा वर्षांचा असतो, आणि पट्ट्याच्या वेळी आपल्याविरुद्ध अर्ज करायला लोक तयारच बसलेले असतात. त्यांच्या हाती आपणच पुरावा छापून द्यायचा का? त्या फोटोला बक्षीस मिळालं असतं तरी आम्ही तो पाठवू दिला नसता. दुसऱ्यानं काढलेला फोटो आपल्या नावानं पाठवणं हीही चोरीच आहे, हे वेगळं.

मग पाठवायचं काय? इथे आम्हाला आमची स्वतःची चूक सांगायची आहे.

तो मासिकाचा विषय निघाल्यावर आम्ही कार्यालयातल्या जुन्या आवक वह्या काढल्या. म्हटलं, आपल्यापाशीही वर्षानुवर्षांची नोंद आहे, त्याच्यावरच एक लेख होईल. वहीत रकाने असे: कतला, रोहू, मृगळ, इतर. पहिल्या तीन रकान्यांत किलो आहेत, भाव आहे, रुपये आहेत. आणि शेवटच्या 'इतर' मध्ये मरळ, शिंगी, मांगूर, वाम, टेंगरा, पढीन, झिंगे, चिल्लर, सगळं एका आकड्यात. कोणत्या वर्षी वाम कमी झाली? माहीत नाही. शिंगी शेवटची कधी भरपूर आली? वही सांगत नाही. आपल्या तलावात मूळचं जे होतं ते सगळं 'इतर'. बाहेरून विकत आणून जे बीज सोडलं, त्याला मात्र स्वतंत्र रकाना. हे रकाने आम्हीच आखले, पट्टी धरून, लाल शाईनं. त्या मासिकानं काकांना 'एक स्थानिक मच्छीमार' म्हटलं म्हणून आम्ही रागावलो. पण आम्हीही वामीला आणि शिंगीला तेच केलं होतं.

नोंदीनं काय होतं याचं एक उदाहरण दूरचं आहे, पण ऐकण्यासारखं आहे. दक्षिणेत कावेरी नदीत पाठीवर उंचवटा असलेला मोठा महाशीर असतो. 1946 साली मैसूरकडच्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन नावाच्या माणसानं 120 पौंडाचा, म्हणजे 54 किलोच्या वरचा महाशीर गळानं धरला. त्याची गोष्ट जगभर छापून आली. एवढा नावाजलेला मासा, पण त्याला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. कावेरीवर गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांची एक छावणी होती. तिथे मासा धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, अशी रीत होती. 1998 ते 2012 पर्यंतच्या त्यांच्या या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या. तेव्हा दिसलं की उंचवट्याचा मूळ महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या पंखाचा महाशीर नदीभर झाला. हे निळ्या पंखाच्या माशाचं बीज आपल्या महाराष्ट्रातल्या लोणावळ्याकडचं. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, नदीत महाशीर वाढावा हाच. पण कोणता महाशीर, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. 2018 साली कुठे त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख नक्की झाली, आणि लगेच तो अति संकटग्रस्त यादीत गेला.

त्या नोंदी ठेवणारे काही शास्त्रज्ञ नव्हते. सुट्टीत मासे धरायला आलेले हौशी लोक होते. त्यांना वर्षातून आठ दिवस नदी दिसते. आपल्याला तीनशे दिवस दिसते. आपण नोंद ठेवली असती तर वैनगंगेबद्दल, चंदन नदीबद्दल, आपल्या एकेका तलावाबद्दल आज किती सांगता आलं असतं! महाशीर हा तर 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. आपल्या नदीत तो कुठवर येत होता हे कोणाला विचारायचं? आपल्याच म्हाताऱ्यांना. आणि ते किती दिवस पुरणार?

भाषेचंही तेच आहे. मारुती चितमपल्ली साहेबांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जंगल खात्यात नोकरी, शेजारच्या नवेगावबांध आणि नागझिऱ्यात वर्षानुवर्षं मुक्काम. 2006 साली ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत रानातल्या माणसांकडून, ढीवरांकडून, गोंडांकडून ऐकलेले शब्द भरलेले आहेत. ते एक मोठे साहेब खाली बसून ऐकणारे होते म्हणून आपल्या भागातले शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत गेले. प्रत्येक वेळी तसा माणूस भेटणार नाही. आपल्याकडे पाण्याच्या रंगाला, वाऱ्याच्या दिशेला, जाळ्याच्या प्रत्येक भागाला शब्द आहे. पोरं आता तंगुसाचं तयार जाळं बाजारातून आणतात, त्यामुळे जाळं विणण्याचे शब्द घरात बोललेच जात नाहीत. फोटोत जाळं दिसेल, पण त्याचा शब्द लिहिल्याशिवाय राहणार नाही.

सभेत तीन हरकती आल्या होत्या. त्यांचंही उत्तर देतो.

पहिली: "लेख लिहून पोट भरते का?" नाही भरत. काही मासिकं मानधन देतात, बरीच देत नाहीत. पैशासाठी पाठवत असाल तर पाठवू नका. पण चार ठिकाणी आपलं काम छापून आलं असलं, तर जनपदमध्ये बसताना आपण वेगळ्या ताठ्यानं बसतो. 'यांना जाण नाही' असं म्हणायला मग माणूस जरा विचार करतो.

दुसरी: "जागा छापली तर बाहेरचे लोक येतील, करंट लावून, औषध टाकून मासा मारतील." ही हरकत खरी आहे. म्हणून गावाचं नाव लिहा, पण डोह, अंडी घालण्याची जागा, मोठा मासा बसण्याची जागा अजिबात लिहू नका. फोटोत पाठीमागे देऊळ, पूल, झाड अशी खूण येत असेल तर तो फोटो ठेवून द्या. मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते, ती बंद करून मग फोटो काढा.

तिसरी: "आम्हाला शुद्ध लिहिता येत नाही." आम्हालाही येत नाही. आम्ही बारावी शिकलेले, सरकारी अर्जाच्या भाषेत अर्धं आयुष्य गेलं, अर्धे शब्द हिंदीचे येतात. ऱ्हस्व-दीर्घ संपादक पाहून घेतात, ते त्यांचं काम आहे. मासा कधी चढतो हे मात्र त्यांना माहीत नसतं.

आता पाठवण्याची रीत. हे नीट वाचा, कारण इथे आमची स्वतःची फजिती झाली आहे.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो लहान होतो, छापण्याच्या लायकीचा राहत नाही. आमचे सहा फोटो याच कारणानं परत आले. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेलनं मूळ फाईल पाठवा. त्यावर तारीख, फुलं, 'सुप्रभात' काही चिकटवू नका.

मासा ओल्या हातानं धरा, शेजारी पट्टी किंवा हातभर काठी ठेवा म्हणजे आकार कळतो. हात पुढे करून मासा मोठा दाखवण्याची चलाखी करू नका. आपण मासेवाले आहोत, आपल्यातच कोणी तरी ओळखेल आणि हसेल.

प्रत्येक फोटोमागे पाच गोष्टी लिहा: माशाचं आपल्या बोलीतलं नाव, तारीख, पाणी कोणतं (नदी, तलाव, बोडी), जाळं कोणतं, आणि फोटोत दिसणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव. माणसाला आधी विचारा. बाजारात मासे विकणाऱ्या आपल्या बाया आहेत, त्यांना न विचारता फोटो काढणं तर अजिबात चालणार नाही. आणि त्यांना विचाराल तेव्हा नुसता फोटो मागू नका, त्यांचं म्हणणंही लिहून घ्या. कोणता मासा कमी झाला हे तलावावरच्या माणसाच्या आधी पाटीवर बसलेल्या बाईला कळते.

मासिकाची अट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे मालक आपण असतो, आणि आपल्या कामावर आपलं नाव मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. 'सगळे हक्क कायमचे देत आहे' असं कुठे लिहिलं असेल तर सही करू नका, आधी कार्यालयात आणून दाखवा. 'या अंकात एकदा छापण्याची परवानगी' एवढंच द्या. पाठवलेल्या मजकुराची एक प्रत समितीत ठेवा.

आणि कुठे पाठवायचं ते निवडा. ज्या मासिकात मासेमारी आणि शिकार एकाच पानावर असते तिथेही मासेमारीचा लेख पाठवायला आमची हरकत नाही, फक्त आपलं काम कोणत्या मथळ्याखाली छापणार हे आधी विचारून घ्या. पण तेवढंच दार नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं 'हॉर्नबिल' 1976 पासून निघतं. मराठीत, हिंदीत शेतीची आणि निसर्गाची मासिकं आहेत, दिवाळी अंक आहेत. इंग्रजी येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. ज्या भाषेत मासा ओळखतो त्याच भाषेत लिहा.

समितीनं ठरवलेलं एवढं:

या महिन्यापासून आवक वहीतला 'इतर' हा रकाना बंद. नवी वही आखली आहे, प्रत्येक जातीला तिची ओळ आहे. तोलणाऱ्यानं कंटाळा केला तर आम्हाला सांगा. समितीच्या नावानं बाहेर जाणारा प्रत्येक फोटो आधी दोन सभासदांनी पाहायचा, तारीख आणि जात तपासायची. शिकारीचा, कासवाचा, बंद ऋतूचा फोटो समितीच्या नावानं जाणार नाही, कोणाचाही असो, अध्यक्षांचा असो की आमचा.

आणि पहिला लेख काकांचा जाणार आहे. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ते आधी नाहीच म्हणत होते. "मले लिहिता येत नाही, मी काय लेख देऊ?" आम्ही म्हणलो, काका, तुम्ही बोला, लिहायचं काम तुमची नात करेल. नात दहावीला आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. पोरगी वही घेऊन बसली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, जाळ्याची कड दातात काहून धरतात?" काका पाऊण तास बोलले. आम्ही दोन वर्षं त्यांच्यासोबत काम करतो, त्यातलं निम्मं आम्हीही पहिल्यांदा ऐकलं.

नवीन फोटोही काढायचा आहे, त्याच तलावावर, त्याच डोंग्यावर. धुकं पडलं की. काढणारी नातच असेल. खाली काकांचं पूर्ण नाव असेल, तिचं असेल, गावाचं बरोबर असेल आणि टोपलीतला मासा मृगळ असला तर मृगळच लिहिलेलं असेल.

ज्यांच्यापाशी फोटो आहेत, जुने कागदाचे असले तरी चालतील, त्यांनी येत्या रविवारी कार्यालयात घेऊन यावं. मागे नावं लिहून आणा. नाव आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा. चहा समितीकडून.

आपला,
सचिव
मच्छीमार सहकारी समिती, वारासिवनी